लेक वकिली सोडून माहितीपट करायचं म्हणते

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, मूळचा साताऱ्याचा. औषध कंपनीत नोकरी, निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. मुलगी तीस वर्षांची आहे, वकील आहे, मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या फर्ममध्ये तिला चार वर्षं झाली. दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, उन्हाळ्यात राजीनामा देणार आणि माहितीपट करणार. विषयही ठरवलाय : ब्रॉन्क्समधलं हाउसिंग कोर्ट, जिथे भाडेकरूंना घराबाहेर काढण्याचे खटले चालतात. मी विचारलं, यात पोट भरतं का? तर म्हणते, "बाबा, फ्रेडरिक वाइजमनसुद्धा वकीलच होते." आणि जेवणं झाल्यावर त्यांचा 'वेल्फेअर' नावाचा चित्रपट लावून दिला. ना निवेदन, ना मुलाखत, ना संगीत. सरकारी कचेरीत लोक खिडकीपाशी उभे राहून भांडतायत, बस. तासाभराने मला डुलकी लागली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

तिचं शिक्षणाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आम्ही तिच्या लग्नासाठी म्हणून वेगळे ठेवलेले पैसे आहेत, ते तिला चित्रपटासाठी हवेत. बायको म्हणते, देऊन टाका. माझं मन धजत नाही. हा माणूस खरोखर यावर जगला, की मला नुसती बक्षिसं दाखवली जातायत? आणि पैसे द्यावेत का?
– एक बाप, एडिसन

उत्तर :

नमस्कार.

डुलकीचं फार मनाला लावून घेऊ नका. 'वेल्फेअर' १९७५चा, कृष्णधवल आणि पावणेतीन तासांचा आहे. कामावरून आलेल्या माणसाला तो रात्री जेवणानंतर लावून देणं हा तुमच्या लेकीचा उत्साह झाला. तरी तेवढ्या तासात तुम्हाला खिडकीपाशी भांडणारी माणसं दिसली आणि ती पत्रात लिहावीशी वाटली, हे मी लक्षात ठेवलंय.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : हो, वाइजमन यावर जगले. १९६७ ते २०२३ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक माहितीपट केले. १९८२ साली मॅकआर्थर फेलोशिप, २०१४ साली व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा जीवनगौरव, २०१६ साली मानद ऑस्कर. बक्षिसांची यादी इथेच थांबवते, कारण तुमची शंका रास्त आहे. बक्षिसांवर घर चालत नाही, आणि यातली दोन तर त्यांनी ऐंशी ओलांडल्यावर आली. स्पर्धेतलं ऑस्कर कधी मिळालंच नाही. तुम्ही या माणसाचे हिशेब बघा. मला स्वतःला त्यांच्या चित्रपटांइतकाच त्यांचा व्यवहार शिकण्यासारखा वाटतो, आणि त्यांच्यावर भरभरून लिहिणारे लोक नेमकं तेच सोडून देतात.

'ते वकीलच होते' हे लेकीचं वाक्य खरं आहे, पण तिने मधली वर्षं गाळली आहेत. वाइजमन १९३० साली १ जानेवारीला बॉस्टनमध्ये जन्मले. वडील वकील. येलमधून कायद्याची पदवी, मग सैन्यातली सक्तीची नोकरी, मग दोनेक वर्षं पॅरिस, आणि परत आल्यावर बॉस्टन विद्यापीठात कायदा शिकवणं. कायद्यात त्यांचा जीव कधीच रमला नाही आणि त्यांनी ते लपवलंही नाही. येलमधला बराच वेळ कादंबऱ्या वाचण्यात गेला असं ते सांगत. हार्लेममधल्या पोरांवरची एक कादंबरी आवडली म्हणून तिचे हक्क घेतले आणि 'द कूल वर्ल्ड' हा चित्रपट निर्माता म्हणून उभा केला. तो १९६३ साली आला. दिग्दर्शन शर्ली क्लार्क यांचं. निर्माता म्हणून बाजूला उभं राहून सगळी प्रक्रिया पाहिली, तेव्हा हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. स्वतःच्या पहिल्या चित्रपटासाठी कॅमेरा आत नेला तो १९६६ साली. वय ३६. म्हणजे पॅरिसहून परतल्यावरही आठेक वर्षं गेली, आणि ती रिकामी गेली नाहीत : शिकवणं, निर्मिती, पैसे गोळा करणं, सल्लागाराची कामं. पत्नी झिपोरा याही कायद्याच्याच. पुढे त्या टेक्सास विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक झाल्या. एका उन्हाळ्यात राजीनामा आणि पुढच्या हिवाळ्यात चित्रपट, असं त्या घरात झालेलं नाही.

आता तो पहिला चित्रपट. यावर जरा रेंगाळते, कारण तुमच्या मुलीचा विषय कोर्टाचा आहे.

ब्रिजवॉटर हे मॅसॅच्युसेट्स राज्याचं मनोरुग्ण कैद्यांसाठीचं रुग्णालय, प्रत्यक्षात तुरुंगच. वाइजमन आपल्या विद्यार्थ्यांना तिथे न्यायचे. उद्या सरकारी वकील झालात, न्यायाधीश झालात, तर माणसांना कुठे पाठवताय ते आधी डोळ्यांनी बघा, असा हेतू. तिथेच त्यांनी रीतसर परवानगी काढून २९ दिवस चित्रीकरण केलं. कॅमेऱ्यावर जॉन मार्शल, ध्वनिमुद्रणाला स्वतः वाइजमन. 'टिटिकट फॉलीज' या चित्रपटात नागवे ठेवलेले कैदी आहेत, त्यांची टर उडवणारे पहारेकरी आहेत. एका उपाशी कैद्याच्या नाकात नळी घालून त्याला जबरदस्तीने अन्न दिलं जातंय आणि देणाऱ्या डॉक्टरच्या तोंडात सिगारेट आहे, राख लांबत चाललेली. मधेमधे त्याच कैद्याच्या प्रेताची तयारी दिसते. ही सरमिसळ फार ठळक झाली असं पुढे वाइजमनना स्वतःलाच वाटायचं.

१९६७ साली न्यूयॉर्कच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला आणि राज्य सरकार कोर्टात धावलं. गंमत अशी की इलियट रिचर्डसन हे उपराज्यपाल असताना त्यांनीच परवानगीसाठी मदत केली होती, आणि आता राज्याचे महाधिवक्ता म्हणून तेच विरोधात उभे होते. (हेच रिचर्डसन पुढे वॉटरगेट प्रकरणाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष निक्सनना नकार देऊन राजीनामा देणारे. एकाच माणसाच्या दोन तऱ्हा.) १९६८च्या सुरुवातीला न्यायाधीशांनी सगळ्या प्रती नष्ट करा असा आदेश दिला. वरच्या कोर्टाने १९६९ साली तो थोडा सैल केला : वकील, न्यायाधीश, डॉक्टर, समाजसेवक आणि या विषयांचे विद्यार्थी एवढ्यांनाच पाहता येईल. सर्वसामान्य माणसाला तो पाहायची मुभा मिळाली १९९१ साली. पहिला चित्रपट, आणि चोवीस वर्षं कुलूप.

सरकारचं म्हणणं होतं, कैद्यांच्या खासगीपणाचा भंग झाला. यातला ढोंगीपणा उघड आहे. ज्यांना कपडेही दिले नव्हते त्यांच्या अब्रूची काळजी चित्रपट आल्यावर सुरू झाली. तरी प्रश्न खोटा नव्हता. ज्याला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही त्याची संमती म्हणजे नेमकं काय? माझ्या मते वाइजमन तो खटला नैतिकदृष्ट्या जिंकले, पण या प्रश्नाचं पुरेसं उत्तर त्यांच्यापाशीही नव्हतं. तुमच्या मुलीसमोर हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येणार आहे. घरातून निघायची नोटीस हातात असलेली बाई कॅमेऱ्याला 'हो' म्हणते, तेव्हा तिला नाही म्हणायची ताकद असते का? हे तिच्याशी बोला. वकील आहे, तिला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त सुचेल.

वाइजमनची वकिली वाया गेली नाही, ती इथे कामी आली. पुढच्या प्रत्येक संस्थेला, मग ती शाळा असो, पोलीस खातं, रुग्णालय किंवा कत्तलखाना, त्यांनी साध्या शब्दांत पत्र लिहून परवानगी मागितली आणि अंतिम संकलनावर संस्थेचा हक्क राहणार नाही हे आधी स्पष्ट केलं. माणसांची संमती तिथल्या तिथे ध्वनिफितीवर घेतली. लोकांच्या करातून चालणाऱ्या संस्थेचं काम लोकांना पाहण्याचा हक्क आहे, या एका मुद्द्यावर त्यांनी आयुष्य काढलं.

आता हिशेब.

सुरुवातीच्या चित्रपटांच्या वितरकांकडून आलेला अनुभव चांगला नव्हता. म्हणून १९७१ साली त्यांनी स्वतःची वितरण कंपनी काढली, पत्नीच्या नावाने : झिपोरा फिल्म्स. चित्रपटांचे हक्क स्वतःकडे. त्या काळात विद्यापीठं, ग्रंथालयं, नर्सिंगची आणि समाजकार्याची कॉलेजं सोळा मिलिमीटरच्या प्रती भाड्याने मागवत. 'हॉस्पिटल' वैद्यकीय वर्गात लागायचा, 'हायस्कूल' शिक्षकांच्या वर्गात, 'लॉ अँड ऑर्डर' पोलिसांवर अभ्यास करणाऱ्यांकडे. चित्रपटगृहात गर्दी होवो न होवो, या प्रती वर्षानुवर्षं भाडं आणत राहिल्या. डीव्हीडी काढायची घाईसुद्धा त्यांनी केली नाही. त्या २००७च्या सुमारास आल्या. हे मला फार हुशारीचं वाटतं. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी चांगल्या दिग्दर्शकांना स्वतःचाच चित्रपट दाखवायला आज दुसऱ्याची परवानगी लागते.

दुसरी गोष्ट, १९७१ सालीच न्यूयॉर्कच्या डब्ल्यूनेट या सार्वजनिक वाहिनीशी करार झाला. वर्षाला एक चित्रपट, पाच वर्षं, आणि मग पुन्हा पाच वर्षं. 'ज्युव्हेनाइल कोर्ट', 'वेल्फेअर', 'मीट' हे त्या दशकातले. पगारदार माणसाला पगाराची जितकी खात्री असते तितकी नसेल, पण पुढच्या वर्षी काम आहे हे माहीत असणं माहितीपटवाल्यासाठी केवढं आहे! वाहिनीही अशी की जाहिराती नाहीत, त्यामुळे लांबीवरून कटकट कमी. १९८९ साली बॉस्टनच्या एका अतिदक्षता विभागावर त्यांनी 'निअर डेथ' केला, तो जवळपास सहा तासांचा आहे. तो दुसरं कोण दाखवणार होतं?

तिसरी गोष्ट, खर्च. टोळी तीन जणांची. वाइजमन माइक धरणार, कॅमेरामनला हाताने खुणा करणार; तिसरा फिल्मचे डबे सांभाळणार. दिवे नाहीत, निवेदक नाही, विकत घेतलेलं संगीत नाही. जागेवर चार ते बारा आठवडे राहायचं, शंभर-दीडशे तासांचं चित्रण घेऊन परतायचं आणि मग वर्षभर एकट्याने संकलन. पहिले काही आठवडे नुसतं सगळं पाहायचं आणि उपाहारगृहांना दर्जाचे तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेसारखे प्रत्येक तुकड्याला तारे द्यायचे, एक, दोन, तीन. (९३व्या वर्षी या माणसाने फ्रान्समधल्या तीन ताऱ्यांच्या ट्रॉग्रो उपाहारगृहावर चार तासांचा चित्रपट केला, तेव्हा मला हसू आलं.) मुलीला यातलं एक आवर्जून सांगा : वाइजमन स्वतः ध्वनिमुद्रक होते आणि स्वतः संकलक होते. हाताशी कसब होतं म्हणून खर्च आटोक्यात राहिला. तिला आज माइक धरता येतो का? संकलनाचं सॉफ्टवेअर येतं का? येत नसेल तर ती दर दिवसाचे पैसे दुसऱ्यांना देणार आहे, आणि तिथे तुमचा लग्नाचा फंड दोन महिन्यांत आटेल.

एवढं सगळं जुळून आल्यावरही प्रत्येक नव्या चित्रपटासाठी पैसे उभे करणं हा त्यांच्या कामातला सगळ्यांत नकोसा भाग होता, ऐंशी-नव्वदीतसुद्धा. हे ते मुलाखतींत उघड बोलत.

आणि आता जरा कडू. ज्या वर्षी 'टिटिकट फॉलीज' आला त्याच १९६७ साली अमेरिकेत सार्वजनिक प्रसारणाचा कायदा झाला आणि सरकारी पैसा वाहिन्यांपर्यंत पोचवणारं महामंडळ त्यातून उभं राहिलं. वाइजमनचं करिअर त्या व्यवस्थेबरोबर वाढलं. जुलै २०२५मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्या महामंडळाला आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये महामंडळाने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. स्थानिक वाहिन्या आहेत, खासगी न्यास आहेत, पण १९७१ सालच्या करारासारखं काही आज तिशीतल्या नव्या दिग्दर्शिकेला कुणी देईल असं मला दिसत नाही. 'वाइजमनना जमलं' या वाक्यात वाइजमन जितके आहेत तितकीच ती व्यवस्थाही आहे. मुलीला हे माहीत असेल तर उत्तम. नसेल तर तुमच्याकडून कळण्यापेक्षा तिने स्वतः शोधलेलं बरं.

बाकीच्या माहितीपटवाल्यांनी कसं निभावलं? एरॉल मॉरिस यांनी मधल्या काळात खासगी गुप्तहेराचं काम केलं, ते कसब 'द थिन ब्लू लाइन'मध्ये वापरलं, खुनाच्या खोट्या आरोपात अडकलेला एक माणूस त्यामुळे १९८९ साली सुटला, आणि पुढे वर्षानुवर्षं ते जाहिराती करत आले. जाहिरातींमुळे त्यांचे चित्रपट वाईट झाले असं कुणी म्हणत नाही. बार्बरा कॉपल केंटकीतल्या खाणकामगारांच्या संपावर 'हार्लन काउंटी, यूएसए' करताना पैसे संपले की काम थांबवून पुन्हा जमवायला निघायच्या. त्याला ऑस्कर मिळालं. आणि आपले आनंद पटवर्धन. ते १९७०च्या सुमारास बॉस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात शिकत होते, म्हणजे वाइजमनच्याच अंगणात. 'बॉम्बे अवर सिटी'पासून पुढे त्यांनी आपले चित्रपट दूरदर्शनवर दाखवले जावेत म्हणून सरकारशी वर्षानुवर्षं कोर्टात झुंज दिली आणि जिंकले. वकिली आणि माहितीपट हे एकमेकांना परके धंदे नाहीत, हे सांगायला तुमच्या लेकीला मुंबईचंही उदाहरण देता आलं असतं.

यातूनच मला तिच्यासाठी एक वाट दिसते, ती तिने पाहिली आहे का विचारा. अमेरिकेत माहितीपट प्रदर्शित करायचा तर आधी विमा लागतो. बदनामी, हक्कभंग यांवरून कुणी खटला भरला तर त्यासाठीचा. विमा कंपनी विचारते, यातलं प्रत्येक गाणं, प्रत्येक जुनी क्लिप, मागे दिसणारा टीव्ही, याचे हक्क घेतलेत का? नसतील तर ते 'फेअर यूज'मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापराच्या कायदेशीर मुभेत, बसतं असं वकिलाचं मतपत्र दाखवा. २००५ साली माहितीपटवाल्यांनी फेअर यूजची स्वतःची आचारसंहिता लिहिली आणि त्यानंतर विमा कंपन्या अशी मतपत्रं मान्य करायला लागल्या. हे काम करणारे वकील आहेत, आणि स्वतंत्र निर्मात्यांना परवडतील असे पुरेसे नाहीत. तुमच्या मुलीकडे न्यूयॉर्कचा परवाना आहे. तिने हे काम शिकून घेतलं तर आठवड्यातले दोन-तीन दिवस ते, उरलेले स्वतःच्या चित्रपटाला. शिवाय प्रत्येक फाइलबरोबर एक नवा निर्माता, एक नवा संकलक ओळखीचा होईल. मोठ्या फर्मच्या पगाराच्या जवळही हे पैसे जाणार नाहीत. पण कर्जाचा हप्ता आणि आरोग्य विमा निघेल, आणि तिचा दिवस तिला हव्या त्या माणसांत जाईल.

विषयाबद्दल दोन अडचणी. पहिली, न्यूयॉर्क राज्यात कोर्टात कॅमेरा नेण्यावर कडक निर्बंध आहेत. साक्षीपुराव्याच्या कामकाजाचं चित्रीकरण करण्याविरुद्ध जुना कायदाच आहे. वाइजमनचा 'ज्युव्हेनाइल कोर्ट' मेम्फिसमध्ये, टेनेसीत झाला. ब्रॉन्क्समध्ये तिला कोर्टाच्या दालनात शिरता येईल का, की कॉरिडॉर, पायऱ्या, वकिलाची कचेरी आणि भाडेकरूचं घर एवढ्यावरच चित्रपट उभा करावा लागेल? तोही चांगला होऊ शकतो. कॉरिडॉरमध्येच तडजोडी होतात, असं तिथे काम करणारे सांगतात. पण तो वेगळा चित्रपट आहे, आणि ते तिने चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी नव्हे, आजच ठरवायला हवं. दुसरी, तिची फर्म घरमालकांची कामं घेते का? घेत असेल तर नोकरीत असताना आणि सोडल्यावरही कशाला हात लावायचा नाही, याचे नियम तिने आधी नीट तपासावेत.

मी तिच्या जागी असते तर उन्हाळ्याऐवजी आणखी एक वर्ष थांबले असते. कर्ज जमेल तितकं उतरवलं असतं आणि सुट्टी काढून हाउसिंग कोर्टात जाऊन बसले असते, कॅमेऱ्याविना. सुनावण्या खुल्या असतात. वाइजमन आधी फारसा अभ्यास करत नसत. चित्रीकरण हाच अभ्यास असं त्यांचं म्हणणं. तुमच्या मुलीने यात मात्र त्यांचं अनुकरण करू नये. डब्ल्यूनेटचा करार खिशात असलेल्या माणसाला आठ-दहा आठवडे चाचपडणं परवडतं.

आता पैसे. 'तिच्या लग्नासाठी वेगळे ठेवलेले' असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे मनात तुम्ही ते कधीच तिला देऊन टाकलेत. फक्त कशासाठी ते तुम्ही ठरवलंत. तीस वर्षांच्या मुलीला ते बदलायची मुभा असावी असं मला वाटतं. पण सगळे एकदम देऊ नका. एक भाग द्या, एका छोट्या चित्रपटापुरता, वीस-पंचवीस मिनिटांचा, एकाच कुटुंबाचा किंवा एकाच वकिलाचा. न्यासांकडे अर्ज करताना तिला काहीतरी दाखवावं लागेलच; नुसत्या कल्पनेवर पैसे क्वचित मिळतात. हे पैसे कर्ज म्हणून देऊ नका, गुंतवणूक म्हणून तर अजिबात नको. देणगी म्हणून द्या आणि परत मागू नका. २०२५च्या नियमांप्रमाणे तुम्ही दोघांनी आपापले प्रत्येकी १९,००० डॉलरपर्यंत वर्षाला दिले तर गिफ्ट टॅक्सचा फॉर्मही भरावा लागत नाही. ४०१के या निवृत्तीच्या बचत खात्याला हात लावायचा नाही, तिने कितीही सुंदर चित्रण दाखवलं तरी. आणि हे देताना 'मग लग्नाचं बघ' असं एक अक्षर काढू नका. दोन विषय एका चेकवर बसत नाहीत.

इतर नातेवाईक, मंडळातले लोक मदत करायला तयार असतील तर तिने फिस्कल स्पॉन्सर शोधावा. म्हणजे एखादी ना-नफा संस्था तिच्या प्रकल्पाच्या वतीने देणग्या घेते, देणाऱ्याला कर-सवलत मिळते, संस्था थोडी टक्केवारी ठेवते. न्यूयॉर्कमधली विमेन मेक मूव्हीज आणि इंटरनॅशनल डॉक्युमेंटरी असोसिएशन या दोन्ही हे काम करतात. अर्ज करताना अंदाजपत्रक द्यावं लागतं. ते अंदाजपत्रक तुम्हीही मागा. बाप म्हणून नाही, पहिला देणगीदार म्हणून. त्यात ध्वनिमुद्रक, विमा, संकलन, हार्ड डिस्क, भाषांतर (ब्रॉन्क्स आहे, निम्मं बोलणं स्पॅनिशमध्ये असेल) आणि स्वतःच्या जेवणाखाण्याचे आकडे आहेत का पाहा. स्वतःचा पगार शून्य लिहिला असेल तर परत पाठवा. हक्क तिच्या स्वतःच्या नावावर किंवा तिच्या कंपनीच्या नावावर राहतील, हेही लिहून घ्यायला सांगा.

राहता राहिला अबोला. 'वेल्फेअर' पुन्हा लावू नका. 'इन जॅक्सन हाइट्स' लावा, २०१५चा. क्वीन्समधल्या त्या वस्तीत तुम्ही डाळी, लोणची, सोनं घ्यायला नक्की गेला असाल. रंगीत आहे, गाणी-बजावणी आहे, टॅक्सी चालवायला शिकणाऱ्यांचा एक वर्ग आहे, आणि इथे १६७ भाषा बोलल्या जातात असं तिथले नगरसेवक अभिमानाने सांगतात. छोटे दुकानदार भाडं वाढल्यामुळे उठवले जातायत, त्यांची एक सभा आहे. मुलीच्या विषयाशी त्याचं थेट नातं आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर कॅनोपी नावाची सेवा फुकट मिळते, वाइजमनचे चित्रपट २०१८पासून तिथे आले आहेत. तुमच्या ग्रंथालयात ती आहे का विचारा. तीन तासांहून थोडा मोठा आहे, तेव्हा शनिवारी दुपारी, चहा घेऊन, दोन भागांत पाहा. मुलीला बाजूला बसवा आणि मधेच थांबवून विचारत राहा : या खोलीत कॅमेरा कसा शिरला, या बाईने परवानगी कशी दिली, हे तू ब्रॉन्क्समध्ये कसं करशील?